‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर नाही, ही पळवाट आहे!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण चहा घेता घेता पूर्ण वाचा, कारण विषय तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

सातबारा काढायला जा, सर्व्हर डाऊन. आठ-अ काढायला जा, सर्व्हर डाऊन. रेशनला अंगठा लावायला जा, सर्व्हर डाऊन. खरेदीखतासाठी पिंपळवंडीवरून गाडी करून जा, सोबत दोन साक्षीदार न्या, त्यांचा दिवसाचा खाडा भरून द्या, आणि तिथं गेल्यावर कळतं की सर्व्हर डाऊन. पीक विम्याची शेवटची तारीख असो नाहीतर ई-पीक पाहणीची, नेमका त्याच दिवशी सर्व्हर डाऊन. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा अर्जांची एवढी झुंबड उडाली की ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढली हे चांगलंच झालं. पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्राच्या बाहेर ज्यांनी रात्री काढल्या, त्यांचा हिशोब कोणी मांडला?

आता हे वाक्य नीट बघा. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ या वाक्यात कर्ताच नाही! पाऊस पडला, वीज पडली, दरड पडली, तसाच सर्व्हर पडला. कोणी पाडला, का पडला, कोणाच्या लक्षात कधी आलं, कोणी उभा केला, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. निसर्गाचा कोप असल्यासारखं ते सांगितलं जातं आणि आपणही मान हलवून गाडीला किक मारतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सर्व्हर पडणं हा कोप नाही. ती बिघाडाची घटना आहे. ती ओळखायची कशी, सावरायची कशी आणि तिचा पंचनामा कसा करायचा, याची साधनं जगात कित्येक वर्षांपासून आहेत. ज्या सॉफ्टवेअरवर आजचे सर्व्हर चालतात, त्यातच ती दिलेली आहेत. ती वापरली जातात का आणि त्यातून निघालेलं उत्तर लोकांना सांगितलं जातं का, एवढाच प्रश्न आहे. आणि तो तांत्रिक प्रश्न नाही, कारभाराचा प्रश्न आहे.

पुढं जाण्याआधी दोन गोष्टी सांगून ठेवतो, म्हणजे कमेंटमध्ये वाद नको.

पहिली गोष्ट. गावपातळीवरचे तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), सेवा केंद्रातली पोरं, रेशन दुकानदार यांच्यावर हा राग नाही. त्यांच्या हातात फक्त स्क्रीन आहे. सर्व्हर पडला की शिव्या त्यांनाच बसतात आणि सर्व्हरची किल्ली त्यांच्याकडं नसते. उलट या पोस्टमधल्या मागण्या मान्य झाल्या तर सगळ्यात आधी सुटका त्यांचीच होईल.

दुसरी गोष्ट. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा दप्तरं काढा, असं मी म्हणत नाही. दप्तराचा काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी बघितलाय. एका उताऱ्यासाठी किती चकरा व्हायच्या आणि हाताने लिहिलेल्या नोंदीत काय काय घुसायचं, ते त्यांना विचारा. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळायला लागला, ही मोठी सोय आहे. आणि आपल्या तालुक्याला यंत्राची भीती कोणी शिकवू नये. भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये आपल्या आर्वीला झालं. खोडदच्या तीस दुर्बिणी आजही आकाशातल्या रेडिओ लहरी पकडतात आणि त्यामागं कॉम्प्युटरच राबतात. ज्या तालुक्यात ताऱ्यांचा हिशोब लागतो, तिथं सातबाऱ्याचा सर्व्हर का पडला याचा हिशोब लागू नये, हे पटत नाही.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय पडतं?

बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढं मुंबईत कुठंतरी एक मोठं कपाट आणि त्यात एक कॉम्प्युटर असं चित्र असतं. आता तसं राहिलेलं नाही. आज मोठ्या डेटा सेंटरमध्ये एक दणकट मशीन असतं आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने तयार केलेले दहा-वीस कॉम्प्युटर एकाच वेळी चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खालचं दणकट मशीन म्हणजे होस्ट, यजमान. वर चालणारे म्हणजे गेस्ट, पाहुणे. केंद्र सरकारने आपल्या क्लाऊडला ‘मेघराज’ नाव दिलंय, त्याच्या आतही हीच रचना आहे.

वाडा डोळ्यांपुढं आणा. वाडा एक, भाडेकरू अनेक. प्रत्येकाची खोली वेगळी, चूल वेगळी, कुलूप वेगळं. एका खोलीतला माणूस चक्कर येऊन पडला म्हणून बाकीच्या खोल्यांतल्या चुली विझत नाहीत. व्हर्च्युअल मशीनचं तसंच आहे. एका पाहुण्याची ऑपरेटिंग सिस्टीम कोसळली, म्हणजे विंडोज असेल तर निळा पडदा आला, लिनक्स असेल तर ज्याला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात ते झालं, तरी होस्ट चालू असतो आणि शेजारचे पाहुणेही चालू असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. वाड्याचा मालक जागा असेल तर तो काय करील? आधी त्याला कळलं पाहिजे की अमुक खोलीतला माणूस पडलाय. मग त्याला उठवलं पाहिजे. मग का पडला, हे डॉक्टरकडून बघितलं पाहिजे. आणि त्याच्याकडं कामाला येणाऱ्या लोकांना सांगितलं पाहिजे की बाबांनो, तो आजारी आहे, अमुक वेळेला या. कळणं, उठवणं, कारण शोधणं, सांगणं. कामं चारच.

पहिल्या तीन कामांसाठी सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. व्हीएमवेअरचं उदाहरण घ्या. पाहुण्याच्या आत एक छोटा प्रोग्राम ठोके पाठवत असतो, नाडीसारखे. ठोके थांबले आणि डिस्क-नेटवर्कची हालचालही बंद झाली की मशीन पडलं असं धरून होस्ट त्याला पुन्हा चालू करतो. पण चालू करण्याआधी त्या मशीनच्या पडद्याचा फोटो काढून ठेवतो, म्हणजे निळ्या पडद्यावर कोणता कोड होता ते मागाहून बघता येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे किती वेळात किती वेळा चालू करायचं, त्याला मर्यादा घालता येते. नेहमीची मर्यादा तीन वेळा. त्यानंतर मशीन तसंच राहतं आणि माणसाने लक्ष घालावं अशी अपेक्षा असते.

लिनक्सच्या जगात केव्हीएम-लिबव्हर्ट वापरतात. तिथं प्रत्येक मशीनसाठी स्पष्ट लिहून ठेवता येतं की हा पाहुणा कोसळला तर काय करायचं. नुसतं बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पडलेल्या अवस्थेत तसंच जपून ठेवायचं म्हणजे तपासता येईल, की त्याच्या मेमरीची पूर्ण नक्कल काढून मग चालू करायचं. ही नक्कल म्हणजे पंचनामा. मशीन कोसळलं त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, ते सगळं त्यात असतं. जाणकार माणूस ती फाईल उघडून कोणत्या प्रोग्रामने घात केला ते शोधू शकतो. विंडोजही निळा पडदा आला की असाच डंप लिहून ठेवते.

म्हणजे ‘काही सांगता येत नाही बुवा, सर्व्हरच डाऊन आहे’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. सांगता येतं. सांगायची तयारी पाहिजे.

ऑटो स्टार्टरची गोष्ट

हे शेतकऱ्याला समजावून सांगायला मला दुसरीकडं जायची गरज नाही. आपल्या प्रत्येकाच्या विहिरीवर, नदीच्या मोटारीवर ऑटो असतो. लाईट गेली आणि परत आली की मोटार आपोआप चालू. रात्रीची थ्री फेज आणि बांधावर बिबट्या, अशा भागात ऑटो म्हणजे जीवाची सोय. अंधारात मोटारीवर जायला नको.

पण ज्याची मोटार एकदा जळालीय त्याला विचारा. पाणी खाली गेलंय, मोटार कोरडी चालतीय, ओव्हरलोड रिले ट्रिप करतोय. अशा वेळी रिले का पडतोय हे न बघता जो हिरवं बटण दाबत बसतो, त्याचं वाइंडिंग जातं. स्टार्टर ट्रिप होणं ही अडचण नसते, ती सूचना असते. शहाणा माणूस दोनदा बटण दाबतो, तिसऱ्यांदा विहिरीत डोकावतो.

सर्व्हरला रिस्टार्ट मारणं म्हणजे हिरवं बटण. ते दाबायला हरकत नाही, दाबलंच पाहिजे, लोक खोळंबलेत. पण रोज अकरा वाजता तोच सर्व्हर पडतो आणि रोज त्याला तेच बटण दाबून उठवलं जातं, तर विहिरीत कोण डोकावणार? आणि दुसरी भीती अशी की पुन्हा चालू करण्याच्या घाईत पंचनाम्याची फाईल घेतलीच गेली नाही, तर पुरावाच पुसला जातो. मग वरिष्ठांनी विचारलं तरी उत्तर काय? ‘रिस्टार्ट केल्यावर चालू झालं साहेब.’ झालं, फाईल बंद.

अजून एक. ‘सर्व्हर डाऊन’ हा एक आजार नाही. ‘ताप आला’ म्हटल्यासारखं आहे ते. ताप मलेरियाचा, डेंग्यूचा की टायफॉइडचा, हे कळल्याशिवाय डॉक्टर औषध देत नाही. सर्व्हरचंही तसंच. कधी पाहुण्याची ऑपरेटिंग सिस्टीम कोसळलेली असते. कधी खालचं यजमान मशीनच गेलेलं असतं. कधी डिस्क भरलेली असते. कधी डेटाबेसमध्ये कोंडी झालेली असते. कधी सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते. कधी सर्व्हर ठणठणीत असतो आणि रस्त्याच्या खोदाईत केबल तुटलेली असते. सहा आजार, सहा वेगळे इलाज, सहा वेगळे जबाबदार लोक. आणि खिडकीवर सगळ्यांना एकच नाव! या एका नावाखाली सहा जणांची जबाबदारी लपते, म्हणूनच ते नाव एवढं लाडकं आहे.

१९ जुलै २०२४ आठवतोय?

शुक्रवार होता. सकाळी आपल्याकडं पावणेदहाच्या सुमाराला जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळे पडायला लागले. विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. काय झालं होतं? क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरची एक छोटी फाईल पाठवली. ती भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागं घेतली. ७८ मिनिटं फक्त. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले.

त्यात क्लाऊडमधली हजारो व्हर्च्युअल मशीनही होती, आणि इथंच आपल्या विषयाचा धडा आहे. टेबलावरचा कॉम्प्युटर निळा पडला तर माणूस त्याच्यापुढं बसून सेफ मोडमध्ये जाऊ शकतो, ती फाईल काढू शकतो. व्हर्च्युअल मशीनपुढं कोण बसणार? त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. ऑटोने ते पुन्हा चालू केलं की पुन्हा त्याच फाईलवर ठेच लागून आडवं. आपली कोरडी मोटार आणि ऑटो, हुबेहूब तेच. काही मशीन वारंवार चालू-बंद केल्यावर उठली. मायक्रोसॉफ्टने तर सांगितलं होतं की पंधरा वेळापर्यंत रिस्टार्ट करावं लागल्याचं काही ग्राहक कळवतायत. बाकीच्यांसाठी एकच खात्रीचा इलाज होता. पडलेल्या मशीनची डिस्क सोडवायची, दुसऱ्या धडधाकट मशीनला जोडायची, ती खराब फाईल काढून टाकायची, डिस्क परत जागेवर लावायची आणि चालू करायचं. किंवा सकाळच्या आधीचा बॅकअप असेल तर तो लावायचा.

ज्यांनी ही तालीम आधी केलेली होती, ज्यांच्याकडं डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या जागेवर होत्या, बॅकअप होता, ते लवकर सावरले. ज्यांच्याकडं नव्हतं, त्यांचे आठवडे गेले. अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीला पाच दिवसांत सुमारे सात हजार फेऱ्या रद्द कराव्या लागल्या.

पण माझा मुद्दा पुढंच आहे. त्या कंपनीने पाच दिवसांत, २४ जुलैला, प्राथमिक अहवाल जाहीर केला. ६ ऑगस्टला मूळ कारणाचा पूर्ण अहवाल जाहीर केला. त्यात लाज वाटावी अशी गोष्ट होती. प्रोग्रामला २१ रकाने अपेक्षित होते, प्रत्यक्षात माहिती २० रकान्यांची येत होती. एकविसावा रकाना वाचायला गेला आणि कोसळला. एवढीच चूक, जगभर हाहाकार. तरी ती लिहिली, मिनिटांसकट लिहिली, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं तेही लिहिलं. खासगी कंपनी आहे, धर्मादाय संस्था नाही. कोर्टाची भीती होती, गिऱ्हाईक जायची भीती होती, म्हणून लिहिलं.

आपल्या सरकारी सेवांचं गिऱ्हाईक कुठं जाणार? सातबारा दुसऱ्या दुकानात मिळत नाही. रेशनचा अंगठा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर लावता येत नाही. म्हणून भीती नाही. म्हणून अहवाल नाही. आणि म्हणूनच आपण विचारलं पाहिजे.

९९.५ टक्क्यांची जादू

आता कोणीतरी म्हणेल, करारात अट असते, सर्व्हर ९९.५ टक्के वेळ चालू पाहिजे. ऐकायला छान वाटतं. पोरगं ९९.५ टक्के घेऊन आलं तर आपण पेढे वाटू. पण गणित करा. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास. हे ४४ तास रात्री दोन वाजता पडले तर कोणाचं काही बिघडत नाही. पण सर्व्हर पडतो कधी? ताण येतो तेव्हा. म्हणजे सकाळी अकरा ते चार, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी. ४४ तास कचेरीच्या आठ तासांच्या दिवसात बसवले तर साडेपाच दिवस होतात. वर्षात साडेपाच कामाचे दिवस सेवा बंद राहिली, तरी कागदावर अट पूर्ण!

याहून पुढची गंमत ऐका. मोजणी कशाची करायची? व्हर्च्युअल मशीन चालू आहे का, याची? की सातबारा निघतोय का, याची? मशीन ‘चालू’ असतं, हाक मारली तर ओ देतं, पण आतला प्रोग्राम गोठलेला असतो. होस्टच्या पडद्यावर हिरवा दिवा, आणि आपल्या सेवा केंद्रात गोल गोल फिरणारं चाक. हिरव्या दिव्याचे टक्के मोजले तर शंभरही भरतील. म्हणून मोजायचं तर खिडकीवरून मोजा. माणसाला उतारा मिळाला की नाही, हेच एक माप खरं. दुधाचं फॅट डेअरीवर मोजतात, म्हशीला विचारून लिहीत नाहीत.

‘एवढी गर्दी झाल्यावर पडणारच की!’

ही सगळ्यात आवडती सबब. ऐका, यात्रेला गर्दी होणार हे ओझरच्या, लेण्याद्रीच्या माणसाला आधी माहीत असतं. संकष्टीला किती गाड्या येतील याचा अंदाज बांधून पार्किंग केलं जातं. ३१ जुलैला विम्याची गर्दी होणार हे कोणत्या ज्योतिषाला विचारायला पाहिजे? व्हर्च्युअल मशीनचा मूळ फायदाच हा आहे की गरज असेल तेव्हा चार पाहुणे जास्त उभे करता येतात आणि गर्दी ओसरली की बंद करता येतात. त्यासाठी नवं लोखंड विकत घ्यायला लागतंच असं नाही. ही सोय असताना गर्दीचं कारण देणं म्हणजे दारात टँकर उभा असताना पाणी नाही म्हणून बोंब मारणं.

दुसरी सबब, ‘एवढ्या मोठ्या सिस्टीममध्ये बिघाड होतोच.’ मान्य! शंभर टक्के मान्य. कोणतंही मशीन कधी ना कधी पडणारच, हे धरूनच ही सगळी साधनं बनवलीत. आमचा राग पडण्यावर नाही. पडल्यावर गप्प बसण्यावर आहे.

दक्षिण कोरिया बघा. तंत्रज्ञानात आपल्या पुढं असलेला देश. २६ सप्टेंबर २०२५ ला त्यांच्या डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळं आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी सेवा एका रात्रीत बंद. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला आणि त्याचा दुसरीकडं बॅकअपच नव्हता. केवढी मोठी चूक! पण तिथं रोज आकडा जाहीर व्हायचा, आज इतक्या सेवा परत सुरू झाल्या, इतक्या बाकी आहेत. लोक चिडले, पण लोकांना कळत होतं. चुकणं आणि लपवणं यात फरक आहे, तो हाच.

तोटा कोणाचा?

हा हिशोब मांडल्याशिवाय पोस्ट पुरी होणार नाही. सर्व्हर दोन तास बंद राहिला तर कंत्राटदाराचं काय जातं? कदाचित थोडा दंड. अधिकाऱ्याचं काय जातं? काही नाही. पण घाटघर, अंजनावळेकडच्या वाडीवरची म्हातारी रेशनसाठी उतरली, अंगठा लागला नाही, परत गेली. तिची रोजंदारी गेली, आणि पिशवीही रिकामीच राहिली. कांदा काढायला मजूर ठरलेत आणि शेतकरी कर्जाच्या कागदासाठी तीन दिवस चकरा मारतोय. मजूर थांबत नाहीत, पाऊस थांबत नाही, बँकेची तारीख थांबत नाही. फक्त सर्व्हर थांबतो! आणि त्याच्या थांबण्याचा सगळा भार जो सगळ्यात गरीब, त्याच्याच डोक्यावर. याला बिघाड म्हणत नाहीत, अन्याय म्हणतात.

मग मागायचं काय?

नुसतं रडून उपयोग नाही. माझ्या मते मागण्या पाचच आहेत आणि पाचही करता येण्यासारख्या आहेत.

१) सेवा बंद पडली की त्याच दिवशी जाहीर करा: कधी बंद पडली, कधी सुरू झाली, किती जिल्ह्यांत. साध्या वेबपानावर. त्याला कोटीचं टेंडर लागत नाही.

२) दोन तासांच्या वर बंद राहिली तर पंधरा दिवसांत मूळ कारणाचा अहवाल, मराठीत, लोकांना कळेल असा. ‘तांत्रिक कारणास्तव’ हा शब्द वापरायला बंदी.

३) मशीन कोसळलं तर पुन्हा चालू करण्याआधी पंचनाम्याची फाईल जपलीच पाहिजे, आणि एकच मशीन तीनदा पडलं तर बटण दाबणं थांबवून माणसाने तपास केलाच पाहिजे, ही अट करारात घाला.

४) चालू-बंदची टक्केवारी कचेरीच्या वेळेत आणि खिडकीवरून मोजा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातल्या बंदचा दंड दुप्पट लावा.

५) सेवा बंद असेल तर माणसाला तारीख-वेळेसह पोच द्या. म्हणजे मुदत हुकली तर त्याच्या हातात पुरावा राहील. आणि शेवटच्या दिवशी बंद पडली तर मुदत आपोआप वाढली पाहिजे, मंत्र्यांच्या घोषणेची वाट बघायला नको.

आणि आपण काय करायचं?

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त आपण तो वापरत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि योग्य कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘सर्व्हर डाऊन’ हे योग्य कारण आहे का, हे अपिलात विचारा ना! विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि लेखी उत्तरात कर्ता लागतो.

दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांत उत्तर. अमुक तारखेला सेवा किती वेळ बंद होती, कारण काय नोंदवलंय, कंत्राटदाराला दंड किती लावला, एवढे तीनच प्रश्न विचारा. आणि वेळेत विचारा. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढलेत की सरकारी संस्थांसह सगळ्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. म्हणजे सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला तर ‘नोंद उपलब्ध नाही’ हे उत्तर चालत नाही.

तिसरं आणि सगळ्यात सोपं. प्रत्येक गावात एक वही ठेवूया. सेवा केंद्रात, रेशन दुकानात, ग्रामपंचायतीत, जिथं जमेल तिथं. तारीख, वेळ, कोणती सेवा, पडद्यावर काय मेसेज होता, किती माणसं परत गेली, कधी सुरू झालं. पडद्याचा मोबाईलवर फोटो. बस्स. ज्या दिवशी पिंपळवंडी, आळे, वडगाव कांदळी, उंब्रज, ओतूर, नारायणगाव अशा दहा गावांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या जातील, त्या दिवशी ‘तुमच्याच गावच्या नेटचा प्रॉब्लेम असेल’ ही सबब मेली म्हणून समजा. दहाही गावांत एकाच मिनिटाला बंद पडलं असेल, तर दोष गावच्या नेटचा नसतो.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. ठराव करा: गावात ‘सेवा बंद नोंदवही’ ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी ती तहसीलदारांना द्यायची. ठरावाला पैसे लागत नाहीत. हात वर करावा लागतो.

आपल्या भागाने कालव्याच्या पाण्यासाठी आवर्तनाचा हिशोब मागितलाय, दिवसाच्या लाईटसाठी रस्ता अडवलाय, कांद्याच्या भावासाठी लिलाव बंद पाडलेत. पाणी, लाईट, भाव दिसतात म्हणून आपण भांडतो. सर्व्हर दिसत नाही म्हणून गप्प बसतो. पण आज तुमची जमीन, तुमचं धान्य, तुमचा विमा, तुमचं कर्ज सगळं त्या न दिसणाऱ्या मशीनच्या पोटात आहे. ते पडलं तर का पडलं, हे विचारणं म्हणजे टेक्निकल माणसाचं काम नाही. ते सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याचं काम आहे.

उद्या खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ऐकलं, की भांडू नका, शिवी देऊ नका. शांतपणे एवढंच म्हणा, ‘बरं दादा, कधीपासून बंद आहे, तेवढं लिहून द्या.’

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कुठं चुकतंय ते कमेंटमध्ये लिहा, बोलू. आणि तुमच्या गावात वही सुरू झाली तर पहिल्या पानाचा फोटो नक्की टाका. (लोकांची नावं, आधार नंबर दिसणार नाहीत असा.)

#सर्व्हर_का_पडला #कधीपासून_बंद_ते_लिहून_द्या #पिंपळवंडी #जुन्नर